खोली किती?

आम्ही शिडाच्या बोटीवर राहायला जाणार हे चाळीत कळलं तेव्हा शेजारणी म्हणाल्या, नशीब काढलंस. त्यांना काय सांगणार? आयुष्यभर गोदीत दुसऱ्यांच्या बोटी दुरुस्त केल्या, आता निवृत्त झाल्यावर स्वतःच्या बोटीवर राहायचं, हा माझ्या नवऱ्याचा हट्ट. रे रोडजवळच्या लाकडाच्या वखारीमागे एक जुनी बोट हे वर्षानुवर्षं घासत होते. घरात एक खिळा ठोकायला सांगितला की मात्र यांचा खांदा दुखायचा.

मी एकाच अटीवर हो म्हटलं. लालबागची आमची खोली तशीच राहील आणि पावसाळ्याआधी आपण परत येऊ. खोली सासऱ्यांची, ते गिरणीत होते तेव्हाची; त्यांच्यामागे यांच्या नावावर झाली. माझं नाव फक्त दारावरच्या पाटीवर. पण लग्न होऊन आले तेव्हापासून तिची फरशी मीच पुसली होती. यांनी मान डोलावली. किल्ली मी माझ्या पर्समध्ये ठेवली.

अलिबाग मागे पडेपर्यंत मी नुसती ओकत होते. मग हळूहळू बस्तान बसवलं. बोट एका कुशीवर झुकली की डबे खडखडायचे, म्हणून जुन्या साड्या फाडून मध्ये कोंबल्या. भांडी समुद्राच्या पाण्याने घासायची, गोडं पाणी फक्त शेवटच्या विसळणीला. एका हाताने चहा ढवळायचा, दुसऱ्याने कठडा धरायचा. जन्मभर नळाच्या वेळा सांभाळल्या, त्याची इथे उजळणी चालली होती. हे वर सुकाणू धरून बसायचे आणि काय वारा आहे म्हणायचे. वारा यांच्या वाट्याला, फोडणीचा ठसका माझ्या.

खाडीत शिरताना मला एक काम असे. पाणी किती खोल आहे ते दाखवणारं यंत्र आत, शेगडीच्या बाजूला होतं. हे वरून ओरडायचे, ‘खोली किती?’ आणि मी आकडा सांगायचा. पहिल्यांदा मी म्हटलं, ‘दहा बाय बारा.’ आमच्याकडे घराला कोणी घर म्हणत नाही, खोलीच म्हणतात. हे खूप हसले, मीही हसले. आता त्या हसण्याचाच जास्त राग येतो.

जयगडच्या खाडीत शिरत होतो. रेंज आली तसा यांच्या धाकट्या भावाचा फोन आला. मी आत, एक डोळा यंत्रावर आणि एक भातावर. वरून यांचा आवाज आला, ‘खोली गेली रे एकदाची.’

मला वाटलं, पाणी संपलं, बोट आता वाळूत रुतणार. घाबरून यंत्राकडे बघितलं आणि जीव खाऊन ओरडले, ‘नाही हो, आहे. खोली आहे अजून.’

मी डोकं बाहेर काढलं तर फोन बंद करून हे समोर किनाऱ्याकडे बघत होते. माझ्याकडे बघेनात. तेव्हा कळलं, कुठली खोली.

हळूहळू सगळं बाहेर आलं. विकायचं आधीच ठरलं होतं. मी इकडे डबे बांधत होते तेव्हा हे भावाला सह्यांचे अधिकार देऊन आले होते. हे म्हणाले, ‘खोली असती तर तू पहिल्या बंदरावरून परत गेली असतीस.’

गेलेच असते. त्यासाठीच तर ती हवी होती मला.

चाळीत भांडण झालं की गॅलरीत जाऊन उभं राहता यायचं, कोणीतरी मुद्दाम वाटीभर साखर मागायला यायचं. इथे रुसून जायलाही जागा नाही. मी यांना भात वाढला आणि माझा झाकून ठेवला.

पुढची खाडी आली. ओहोटी लागलेली. यांनी सवयीने वरून विचारलं, ‘खोली किती?’

यंत्रावरचा आकडा भराभर उतरत होता, मला दिसत होता. मी म्हटलं, ‘ती तुम्ही विकलीत.’

बोटीचा तळ वाळूला खरडला आणि आम्ही थांबलो. भरती येईपर्यंत दोघं तिरक्या बोटीत समोरासमोर बसून होतो.