नातं काढणारे अण्णा

आमच्या अण्णांसमोर अनोळखी माणूस फार वेळ अनोळखी राहू शकत नसे. गाव कोणतं, कुणाच्यात, आजोळ कुठलं, एवढ्या तीन प्रश्नांत ते नातं काढत. आमच्या गावात, लोणीत, त्यांना सगळे सोयरेअण्णा म्हणत. मीटर बघायला आलेला वायरमन एकदा त्यांच्या मावससासूचा नातू निघाला. बिचाऱ्याची जेवल्याशिवाय सुटका झाली नाही, वर ‘आजीला भेटाया जातो का न्हाई?’ म्हणून बोलणी खावी लागली ती वेगळीच.

स्थळ आलं की लोक पत्रिकेआधी अण्णांकडे यायचे. दोन्हीकडची देवकं कोणती, पूर्वी सोयरीक झालीय का, सगळं ते बोटांच्या पेरांवर मोजून सांगत. पहिली चूक तिथेच झाली. दोन्ही घरांचं देवक एकच, म्हणजे लग्न चालणारच नाही, असं असताना अण्णांनी ‘खुशाल करा’ म्हणून सांगितलं. साखरपुड्याच्या आधी ते कुणाच्या तरी ध्यानात आलं म्हणून निभावलं. अण्णा मात्र आठ दिवस घराबाहेर पडले नाहीत.

गावाने म्हातारचळ म्हटलं. मंचरच्या डॉक्टरांनी डिमेन्शिया सांगितला. ‘हा मेंदूचा आजार आहे. ताजं आधी जातं, जुनं मागे राहतं. त्यांची परीक्षा घेऊ नका,’ असं त्यांनी बजावलं. माझ्या दादाने मान डोलावली आणि घरी येताच विचारलं, “अण्णा, सांगा बरं, मी कोण?”

“तुझं तुलाच ठाव न्हाई, तर मला काय इचारतो?” अण्णा म्हणाले.

मी मुळातच चौकस, बापावर गेलेली. लेण्याद्रीजवळच्या सासरहून महिन्यातून एकदा माहेरी जायचे आणि काय गेलं, काय राहिलं ते बघत बसायचे. अण्णांना सकाळची न्याहारी आठवत नसे, पण आत्याच्या लग्नात कोणता पाहुणा कशावरून रुसला ते बारकाव्यांनिशी सांगत. मी कोण, एवढं मात्र विचारायची मला भीती वाटायची.

एके दिवशी त्यांनीच मला विचारलं, “पावणीबाई, गाव कोणतं म्हणायचं?”

‘मी तुमची सुमी’ हे ओठांवर आलं होतं. पण डॉक्टरांचं बोलणं आठवलं, आणि खरं सांगायचं तर हा माणूस माझ्यापर्यंत कसा पोचतो ते बघावंसंही वाटलं.

“लेण्याद्रीजवळचं.”

“आन् म्हायेर?”

“हितलंच. लोणी.”

“लोणीत कुणाच्यात?”

“वरल्या मळ्यात.”

अण्णांचा अंगठा पेरांवरून सरकत राहिला. “वरला मळा म्हंजे आमीच की. भावाला तर लेक नव्हती.” अंगठा शेवटच्या पेरावर टेकला. “म्हंजे तू माझी लेक लागती.”

“हो, अण्णा.”

“मग मघापास्नं पावण्यासारखी काय बसलीस? जा आत, तुझ्या वैनीला हात लाव.”

मी आत गेले आणि चुलीपुढे बसून पोटभर रडले. वहिनीला वाटलं, अण्णा रागावले.

पुढे वर्षभर हेच चाललं. दर महिन्याला पाहुणी म्हणून जायचे आणि लेक होऊन परत यायचे. वेळ मात्र दरवेळी जास्त लागायचा. बसच्या प्रवासात मी मनात म्हणायचे, आज पोचतील ना माझ्यापर्यंत?

गेल्या थंडीत त्यांनी गाव विचारलं, मी सांगितलं. अंगठा पहिल्याच पेरावर राहिला. मग माहेर मीच सांगितलं, मळाही सांगितला. अण्णांचा अंगठा पुढे सरकला नाही. मला रडू आवरेना. तसे ते बाजेवर जरा सरकले आणि त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं.

“रडू नगं,” ते म्हणाले. “नातं न्हाई गावत मला. पर तू परकी न्हाईस.”

दोन महिन्यांनी अण्णा गेले. भेटायला येणारे हळूच विचारतात, शेवटी ओळखलं होतं का तुला? मी हो म्हणते.