झटका ओसरेपर्यंत

पहिला झटका आला तेव्हा आमचा कुत्रा ओट्यावर भाकरीची वाट बघत बसला होता. मी नुकतीच शाळेत शिकवून घरी आले होते. त्याने मान एका बाजूला वळवली आणि बसल्या जागी आडवा झाला. चारही पाय ताठ. मग ते पाण्यात पोहल्यासारखे हलायला लागले. तोंडाला फेस आला. त्याची जीभ तुटेल या भीतीने मी बोटं तोंडात घातली आणि त्याचे दात माझ्या अंगठ्याखाली रुतले.

"हात नको लावू! तो पिसायेल शे!" शेजारच्या घरातून माझा चुलतभाऊ काठी घेऊन धावत आला. आमच्या कोरीट गावात तोंडाला फेस आलेला कुत्रा म्हणजे पिसाळलेलाच. भावाच्या मागे वहिनी तान्ह्या बाळाला छातीशी धरून दारातच थांबली होती.

आप्पा, म्हणजे माझे वडील, कुत्र्याच्या आणि काठीच्या मध्ये येऊन उभे राहिले. सगळा जन्म एसटीचं स्टिअरिंग धरण्यात गेलेला, कमी बोलणारा माणूस. "काठी खाले ठेव," एवढंच म्हणाले.

झटका थांबला. कुत्रा धडपडत उठला, भिंतीवर आदळला आणि आम्ही कोण हेच कळत नसल्यासारखा बघत राहिला. माझ्या हातातून रक्त गळत होतं.

नंदुरबारला जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "लस दिलेली आहे, त्यामुळे रेबीजची शक्यता फार कमी. पण चावलाय, तेव्हा तुम्ही सरकारी दवाखान्यात जाऊन इंजेक्शनं सुरू करा. याला आठ-दहा दिवस वेगळा बांधा. पिसाळलेला असला तर तेवढे दिवस काढणार नाही."

ते दिवस अजून माझ्या अंगावर येतात. सकाळी उठल्यावर मी आधी त्याचं पाण्याचं भांडं बघायची. पाणी कमी झालेलं दिसलं की आजही तो पाणी पितोय, म्हणजे पिसाळलेला नसेल, अशी आशा वाटायची. तो साखळी ताणून माझ्याकडे यायला बघायचा आणि मी दोन पावलं मागे सरायची. आप्पा मात्र लांबून का होईना, खुर्ची टाकून त्याच्यासमोर बसून राहायचे. वहिनीने अंगणात बाळाला आणणं बंद केलं होतं. तिला काय बोलणार? मीच घाबरलेली होते.

तो जगला. भाकरी खात राहिला. पण साखळी सोडली आणि काही दिवसांतच पुन्हा झटका आला. त्यातून सावरतोय तोच दुसरा, मग तिसरा. आम्ही त्याला गोधडीत गुंडाळून रिक्षात घातलं. मिरचीचा हंगाम होता. शहराजवळ आल्यावर वाळत घातलेल्या मिरच्यांच्या ठसक्याने आम्हा दोघांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मांडीवरचं ते अंग थरथरत होतं आणि पुढे ट्रॅक्टरची रांग हलत नव्हती. आप्पा रिक्षावाल्याला सारखे म्हणत होते, "भाऊ, हॉर्न वाजाड."

डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन झटके थांबवले. मग आम्हाला समोर बसवलं. "ही मिरगी दिसते. कारण शोधायचं तर सुरतला नेऊन मेंदूचा स्कॅन करावा लागेल. नाहीतर रोज गोळ्या, बहुतेक जन्मभर. मध्येच बंद करायच्या नाहीत, झटके उलटतात. आणि फारच हाल झाले तर..." ते थांबले.

"गोळ्यांनी बरा होईल?" मी विचारलं.

"बरा नाही. झटके कमी होतील."

मी आप्पांकडे बघितलं. ते टेबलावर निजलेल्या कुत्र्याच्या पोटाकडे, वर-खाली होणाऱ्या श्वासाकडे बघत होते. "सुरत नको," ते म्हणाले. "गोया दिसूत."

गोळ्या सुरू झाल्या, कधी मी द्यायची, कधी आप्पा, आणि कुत्रा वेगळाच झाला. मागचे पाय लटपटायचे. सारखी भूक, सारखी झोप. गेटपाशी कोणी आलं तरी मान उचलायचा नाही. झटके मात्र थांबले होते, आणि मी त्यातच समाधान मानत होते.

एका रविवारी भर दुपारी तो पुन्हा कोसळला. हा झटका थांबेचना. संपतोय असं वाटायचं आणि पाय पुन्हा झाडायला लागायचे. डॉक्टरांनी अशा वेळेसाठी गुदद्वारातून द्यायचं औषध दिलं होतं. सिरिंज भरताना घाईत थोडं औषध फरशीवर सांडलं.

"आप्पा, गोया दिध्यात ना?"

ते त्याच्या डोक्याखाली टॉवेल सरकवत होते. वर न बघता म्हणाले, "दोन-तीन दिवस व्हयनात, नही दिध्यात. तो नुसता पडी ऱ्हाये. माले दखाये नही."

त्याचं ते निपचित पडून राहणं बघवत नव्हतं म्हणून त्यांनी गोळ्याच बंद केल्या होत्या. मला ओरडावंसं वाटलं. पण हातात सिरिंज होती. मी औषध दिलं, आप्पांनी शेपटी धरून ठेवली. नंतर आम्ही दोघं फरशीवर बसून त्या पायांकडे बघत राहिलो. हळूहळू ते सैल पडले. मला वाटलं, गेला. आप्पांनी नाकापुढे तळहात धरला आणि तसाच धरून ठेवला.

"शे," ते म्हणाले. श्वास चालू होता.

डॉक्टरांना फोन केला. ते चिडले, मग गोळ्यांचं प्रमाण थोडं बदलून दिलं. संध्याकाळी गोळी द्यायला मी उठले, तर आप्पांनी पट्टी माझ्या हातातून घेतली. "आतेफाईन मीच दिसू." तेव्हापासून गोळ्या तेच देतात.

झटके अजून येतात, पण लांब अंतराने. आला की मी बाज बाजूला ओढते आणि तोंडाजवळ हात नेत नाही. पाय तो पूर्वीसारखे टाकत नाही, पण गेटपाशी जाऊन भुंकतो. परवा प्रकाशा गावी नात्यातलं लग्न होतं. पंगत बसायच्या आधीच आप्पा उठले. यजमानांनी हात धरला, तरी थांबले नाहीत. "गोयास्नी येय व्हयनी," म्हणाले आणि गोळ्यांची वेळ चुकू नये म्हणून गाडीकडे चालू लागले.