घरचा नंबर

फोन वाजला की हल्ली माझ्या छातीत धस्स होतं. सकाळी दहाला आणि संध्याकाळी सहाला तर जास्तच, कारण त्या वेळी कोणाचा फोन येणार हे मला माहीत असतं. पंचवीस वर्षं मी लोकांच्या दंडात सुया टोचल्या, रक्त पाहून आडवे होणारे दांडगे गडी सावरले, आणि आपण कशाला म्हणून भीत नाही असा माझा समज होता. तो आमच्या लॅबमधल्या सगळ्यात धाकट्या पोरीनं खोटा ठरवला.

यवतमाळातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी मुख्य टेक्निशियन आहे. मुख्य म्हणजे काय, तर सगळ्यात जुनी. कपाटाच्या किल्ल्या माझ्याकडे, मशीन रुसलं की कंपनीला फोन करणार मी, आणि नव्या पोरापोरींना शिस्त लावणार तीही मीच. यातलं शेवटचं काम मी जरा जास्तच मन लावून करत होते, असं आता वाटतं. वर्षभरात तिघं सोडून गेली. दोघं नागपूरला, एक पुण्याला. भांडण नाही, तक्रार नाही. एके दिवशी यायची बंद झाली आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपमधून बाहेर पडली.

लॅब ज्यांची, ते डॉक्टर घाबरले. त्यांनी जाहिरातीत 'तरुण आणि मोकळं वातावरण' असं छापलं, कॉफीचं मशीन आणलं, आणि एका रविवारी नागपूरहून एक बाई बोलावल्या. तरुण माणसं कामावर टिकावीत म्हणून कसं वागावं, हे त्या आम्हाला दिवसभर भिंतीवर चित्रं दाखवून सांगत होत्या. पेशंटसमोर रागवायचं नाही, ड्युटी संपल्यावर मेसेज टाकायचा नाही, लग्न कधी करणार ते विचारायचं नाही. इथवर मी मान डोलावली. मग त्या म्हणाल्या, कर्मचारी सज्ञान असतो, त्याच्या घरी फोन करायचा नाही. तेव्हा मी हसले. चांगली मोठ्यानं हसले.

कारण घरी फोन करणं हीच तर माझी पद्धत. नवीन कोणी लागलं की पहिल्याच दिवशी मी डायरीत त्याच्या बापाचा नंबर लिहून घ्यायची. पोरगं उशिरा आलं, तोंड पाडून बसलं, न सांगता गैरहजर राहिलं, की लावला फोन. आमच्याकडे याला चौकशी म्हणतात, मायाही म्हणतात. खेड्यांतले आईबाप माझ्या हाताखाली पोरी पाठवायचे ते या डायरीच्या भरवशावर, आणि मला तिचा अभिमान होता.

ती धाकटी घाटंजीकडच्या एका खेड्यातली. तेवीस वर्षांची, बोलायला कमी, पण हात असा की चार महिन्यांच्या बाळाची शीर पहिल्या टोचणीत सापडायची. मला ताई म्हणायची. लॅबजवळच दोन मैत्रिणींबरोबर खोली करून राहायची. आधीची तिघं नोकरी सोडून गेल्यावर सकाळची उपाशीपोटी शुगरवाल्यांची रांग आम्ही दोघीच उरकत होतो.

एका मंगळवारी ती आली नाही. साडेआठ झाले, नऊ झाले. फोन बंद. रांग जिन्यापर्यंत गेली आणि एक आजोबा भुकेनं मला नाही नाही ते बोलले. आधी मला राग आला, मग भीती वाटली. मैत्रिणी कामावर गेल्या असतील, ही एकटी खोलीत तापानं पडली असेल, बेशुद्ध असेल. खरं सांगायचं तर त्यात राग किती आणि काळजी किती, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. रांग सोडून खोलीवर जाता येईना, म्हणून मी डायरी काढली आणि तिच्या वडिलांना फोन लावला.

"भाऊ, पोरगी घरी आली का? कामावर नाही आली, फोनही बंद आहे."

ते म्हणाले, "काल सायंकाळीच बोलली जी माह्यासंग. उद्या ड्युटी आहे म्हणे." आणि लगेच, "मी येऊन राह्यलो."

दुपारी बाराच्या सुमारास ते तिच्या खोलीचं कुलूप पाहून मोटरसायकलवर लॅबमध्ये आले. डोक्याला दुपट्टा, अंगावर धूळ, उभा माणूस घामानं निथळत होता. तोवर डॉक्टरही आले होते. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "अहो, ती सुट्टीवर आहे. कालच फॉर्म भरला तिनं, मी मंजूर केलाय."

त्या प्रशिक्षणानंतर डॉक्टरांनी सुट्टीसाठी मोबाइलवर फॉर्म सुरू केला होता. भरला की ते हो म्हणणार, आणि आम्हा सगळ्यांना तो दिसणार. मी तो एकदाही उघडलेला नव्हता. तोंडानं सुट्टी मागायला काय होतं, हा माझा हट्ट. पोरीनं सगळं नियमानं केलं होतं. मी सकाळी मोबाइलवर एकदा बोट दाबलं असतं तर मला कळलं असतं.

वडिलांनी डॉक्टरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सुट्टी आहे तं मंग खोलीवर काहून नाही?"

मी पुन्हा तिचा नंबर लावला. बंदच.

पुढचं मला तिच्या खोलीवरच्या मैत्रिणीनं सांगितलं. ती नागपूरला गेली होती, एका मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मुलाखतीला. निवड होईल की नाही कोण जाणे, म्हणून घरी सांगितलं नव्हतं. आत जाताना फोन बंद केला तो केलाच. संध्याकाळी बसमधून उतरली तर समोर वडील उभे; त्यांनी ते मैत्रिणींकडून काढून घेतलं होतं. ते ओरडले नाहीत, हात उचलला नाही. गाडीवर मागे बसवलं आणि गावी घेऊन गेले. तिचा ॲप्रन आमच्याकडे खुंटीवरच होता.

मग तिचा फोन लागेना. बुधवार गेला, गुरुवार गेला. वडिलांना लावायची माझी हिंमत होईना. ज्या नंबरावर मी बेधडक फोन करत आले, तो नंबर उघडून मी नुसती बघत बसायची. तिला घरात बसवलं असेल, स्थळ बघत असतील. आणि त्याहून वाईट जे मनात यायचं, ते मी बोलत नसे. आमच्या भागात फवारणीचं औषध घराघरात असतं, आणि ते पोटात गेलेल्या माणसांचं रक्त मी तपासलेलं आहे. रोज सकाळी नळ्यांवर नावं लिहिताना मला तिचंच नाव लिहायला लागेल अशी भीती वाटायची. माझ्या एका फोनानं हे झालं, हे मी घरातही कोणाला सांगितलं नाही.

रविवारी मी एसटीनं घाटंजीला गेले आणि तिथून ऑटो केला. ऑटोवाला आरशात बघून म्हणाला, "मयतीले चालल्या का बाई?" असा माझा चेहरा झाला होता. मी त्याला गप्प केलं.

ती अंगणात कपडे वाळत घालत होती. मला पाहून थांबली आणि आत गेली. जिवंत होती. मी ओट्यावरच बसले.

घर दोन खोल्यांचं. भिंतीवर बुद्ध, शेजारी बाबासाहेब, आणि त्यांच्या खाली काचेत लावलेला तिचा डिप्लोमा. वडील ग्रामपंचायतीत नळाचं पाणी सोडायचं काम करतात. ज्यानं ते प्रमाणपत्र त्या जागी टांगलं, तो माणूस पोरीचा वैरी नाही, हे मला कळत होतं, आणि म्हणूनच बोलायला अवघड जात होतं.

"चूक माझी आहे, भाऊ," मी म्हटलं. "तिनं रीतसर सुट्टी टाकली होती. मीच पाहिली नाही."

"तुमची कायची चूक जी? तुम्ही फोन केला म्हणून तं मले समजलं." त्यांनी एक मोबाइल माझ्यापुढे धरला. तिचाच होता. "तिले कामावर घेतलं म्हणते नागपूरवाल्यायनं. तिथं कोण आहे? पोरगी कामावर नाही आली तं तिथून मले फोन करणार आहे का कोणी? तुम्ही आहा, म्हणून मी तिले यवतमाळले ठेवली. तुमच्यापाशी असन तं पाठवतो सोमवारी. नाही तं राहू द्या घरीच."

ती चहा घेऊन आली होती. ट्रे धरून उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. तिला काय हवं होतं ते मला स्वच्छ दिसत होतं. 'जाऊ द्या तिला नागपूरला' एवढं मी म्हणायचं होतं. मी म्हटलं असतं तर त्यांनी ऐकलंही असतं. पण मला ती तुंबलेली रांग दिसली. शिवाय उद्या नागपुरात हिला काही झालं तर बोल माझ्यावर, याची धास्ती वाटली. मी चहा घेतला आणि म्हटलं, "पाठवा सोमवारी." स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

ती सोमवारी आली. डॉक्टर खूश. प्रशिक्षणाचा गुण आला, असं त्यांनी दोनतीन जणांना सांगितलं. तिचं वागणं तर त्या नागपूरच्या बाईंनी भिंतीवर दाखवावं असं झालं. वेळेवर यायची, वेळेवर जायची, आवाज चढवत नव्हती. फक्त मला ताई म्हणणं बंद झालं. येस मॅम, थँक यू मॅम. त्या 'मॅम' शब्दाची मला भीती वाटू लागली.

आणि वडिलांचे फोन सुरू झाले. दहाला, "आली का?" सहाला, "निघाली का?" फोन ठेवताना दर वेळी एकच वाक्य, "तुम्ही आहा म्हणून मले भेव नाही."

दोन महिने असे गेले. मी आता लॅबमध्ये पाऊल टाकलं की आधी तो फॉर्म उघडते. एका गुरुवारी त्यात तिचं नाव होतं. एक दिवस सुट्टी, कारण 'वैयक्तिक', डॉक्टरांचा होकार. दहाला फोन वाजला.

"आली का?"

नाही म्हटलं तर संध्याकाळी ते पुन्हा बसस्टँडवर उभे राहणार. हो म्हटलं आणि वाटेत तिला काही झालं, तर हा माणूस मला जन्मभर विचारणार, तुम्ही तर आली म्हणाल्या होत्या.

"आली," मी म्हटलं. "आत आहे. रक्त घेऊन राह्यली."

त्या दिवशी माझी टोचणी दोनदा चुकली. सहाच्या फोनला पुन्हा खोटं बोलले, निघाली म्हणून.

दुसऱ्या दिवशी ती वेळेवर आली. हात धुताना माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "बाबाचा फोन आल्ता?"

"आल्ता."

"मंग?"

"सांगितलं, आली म्हणून."

तिनं नळ बंद केला. बराच वेळ हात पुसत राहिली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "एक तारखेपासून नागपूरले जाऊन राह्यली मी. काल तिथंच गेल्ती. त्यायनं जागा ठेवली माह्यासाठी."

"घरी सांगशील ना?"

"सांगीन. पहिला पगार झाला की."

म्हणजे महिनाभर दहाचा आणि सहाचा फोन माझ्याकडेच येणार, हे तिला कळत होतं आणि मलाही. बाहेर रांग लागली होती. ती दारापर्यंत गेली आणि परत फिरली.

"ताई, तिथल्या फॉर्मवर घरचा नंबर मागतात. काही झालं तं कोणाले फोन करायचा म्हणून. तुमचा टाकू?"

"टाक," मी म्हटलं.