धामण, भासरे आणि मी

देवरीकडच्या आमच्या गावात निघालेली ती धामण किती लांब होती, असं कुणी विचारलं की मी सांगते, तोंड आमच्या गाईच्या कोठ्यात होतं आणि शेपूट छत्तीसगडात. पटत नसेल त्याने तेव्हाच येऊन मोजायची होती. तेव्हा तर सगळे कुंपणापलीकडे पळाले होते.

माझं माहेर नवेगाव बांधचं. तिथं तलावात बाबांच्या जाळ्यात मासोळ्या कमी आणि पाणसाप जास्त यायचे, त्यामुळे साप सोडवणं हे आमच्याकडे लसूण सोलण्याइतकं साधं काम. सासरी आले तर इथे सापाला नागपंचमीला दूध आणि बाकी वर्षभर काठी. मला दोन्ही मान्य नव्हतं. घरात निघालेला साप मी रानात सोडत आले, आणि लोक बोलत राहिले.

त्या दिवशी सकाळी गाईने दूध कमी दिलं. आमच्याकडे गाय आटली की चाऱ्याकडे कुणी बघत नाही. धामण गाईच्या पायांना वेढा घालून दूध प्याली, असं ठरवून मोकळे होतात. नेमकी त्याच दिवशी कोठ्यातल्या तणसीत, म्हणजे धानाच्या पेंढ्यात, धामण दिसली. भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, काठी घेऊन आले.

आता आमच्या घरची रीत अशी, की धाकट्या भावाच्या बायकोने भासऱ्यांशी बोलायचं नाही आणि त्यांनी तिला शिवायचं नाही. चुकून पदर लागला तरी आंघोळ. जे काही बोलायचं ते सासूबाईंच्या तोंडून. मी डोक्यावर पदर घेतला आणि तणसीपुढे जाऊन उभी राहिले.

“आई, तिले बाजूले व्हायले सांग.”

“बाजूले हो वो,” सासूबाई म्हणाल्या.

“सांगा त्याईले, मी नाही होत. धामण उंदीर खाते, दूध नाही पेत. पेत असती तर मीच तिले चाय करून देली असती.”

“थे नाही होत म्हणते,” सासूबाईंनी चहा तेवढा गाळून निरोप दिला.

भासरे डावीकडे सरकले, मीही सरकले. ते उजवीकडे, मी उजवीकडे. काठी मारायची तर मला शिवावं लागणार, आणि कुंपणापाशी अख्खं गाव. ज्या रीतीने मला इतकी वर्षं गप्प बसवलं, तिला मी त्या दिवशी कामाला लावलं.

“आई, हे बाई काऊन अशी करून राहिली?”

“सांगा त्याईले, बाई नाही, भिंत समजा.”

तोवर नवरा मी सांगितलेला जाड पाइप घेऊन आला. त्याच्या एका तोंडाला चुंगडी, म्हणजे रिकामं पोतं, बांधली, दुसरं तोंड तणसीपाशी ठेवलं. सापाला अंधारं बीळ दिसलं की तो स्वतःच आत शिरतो. मी दाताळ्याने तणीस हळूहळू बाजूला केली आणि धामण पाइपात शिरली. शेपूट आत जाईपर्यंत मला दोनदा भूक लागून गेली.

“आई, सांग तिले, दूर जंगलात नेऊन सोड म्हणा. इथं दिसली तर मारतोच.”

चुंगडी मांडीवर घेऊन मी नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसले. जंगल रस्त्यापलीकडे होतं. पण उंदीर होते आमच्या धानाच्या बांधीत, म्हणून गाडी तिकडे वळवायला लावली. धामण चुंगडीतून निघाली आणि मागे वळून न पाहता बांधीच्या कडेला, धुऱ्यावरच्या बिळात गेली.

परत आले तर भासरे अंगणात खाटेवर, काठी अजून हातातच.

“आई, तिले इचार, कुठं सोडली?”

सासूबाईंनी तोंड उघडलं, पण मी थांबले नाही.

“आपल्या बांधीत सोडली, भाऊजी. तिथं काठी घेऊन जाल तर मी तिथंबी उभी राहीन.”

सासूबाईंना पोचवायला काही उरलं नाही.

“कोणत्या धुऱ्यावर?” हे भासऱ्यांनी थेट मलाच विचारलं.

“ते नाही सांगत,” मी म्हणाले आणि गाईला चारा टाकायला गेले.