पाण्याच्या नळीतली पट्टी

“रिपोर्ट आजच जाईल, मावशी.”

“नाई जात, सर. वडनेर भोलजीच्या बायांनी गावरान कपाशीचं बियाणं जपलं. त्यात बीटी निघाली म्हणून लिहाल, तर सारं बियाणं वापस येईल त्यायचं. अन् चाचणी चुकली हाये.”

“तुम्हाला यातलं काय कळतं?”

नांदुऱ्याच्या आमच्या बियाणे तपासणीच्या लॅबमध्ये हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की दर खेपेला एक किस्सा जमा होत गेला. मी चौथी शिकलेली. नळ्या धुवायला लागले होते, बाकीचं बघून बघून शिकले.

*

हेच सर पुण्याहून नवे आले, तेव्हा जेल लावायला बसले. जेल म्हणजे आगरची थरथरती वडी. तिच्यातून वीज सोडली, की डीएनए लाल तारेकडे सरकतो. सरांनी तारा उलट्या लावल्या. तासाभरानं बघतो तर वडी कोरी.

“डीएनए गेला कुठे?”

म्हटलं, “अकोल्याचं तिकीट काढून भुसावळच्या गाडीत बसला.”

*

आरएनए त्याहून नाजूक. उघडं बोट लागलं, की नासला. माझी सासू महिन्यातले चार दिवस मला लोणच्याच्या बरणीला शिवू देत नसे. त्यावरून मी तिच्याशी जन्मभर भांडले, आणि आता आरएनएच्या डब्यावर मीच पहारा देते. एकदा खुद्द मालक हातमोजे न घालता आत आले. मी त्यांना बाहेर काढलं.

“लॅब माझी आहे, मावशी.”

“हाव. बोटंबी तुमचीच हायेत.”

*

कॉलेजच्या पोरी लॅब बघायला आल्या, तेव्हा भेंडीच्या पानातून डीएनए काढून काडीवर पांढरा धागा गुंडाळून दाखवला. त्यांच्या मॅडमनी विचारलं, “तुमचं शिक्षण किती?”

“आता तुमाले दाखवलं ना, तेवढं.”

*

तर बियाण्याचं. दर चाचणीत आम्ही एक नळी नुसत्या पाण्याची ठेवतो. जेलवर तिच्या रांगेत काही दिसता कामा नये. बीटीच्या जीनची पट्टी दिसलीच, तर कुठून तरी दुसरा डीएनए मिसळला, आणि सगळी चाचणी बाद. त्या दिवशी बायांच्या बियाण्यात पट्टी होती, तशीच पाण्यातही होती. मी सरांना बोट ठेवून दाखवली.

“पुसट आहे, मावशी. पाण्याकडे कोण बघतंय?”

“मंग आधी पाण्याचा रिपोर्ट काढा, सर. लिहा का पाण्यात बीटी कपाशी सापडली, अन् खाली तुमची सही करा.”