'सिक' म्हणजे काय

वडील बस डेपोत रोजंदारीवर गाड्या धुवायचे. ते आजारी पडून 'सिक'मध्ये गेले की रोज बुडायचा आणि आई आमटीत पाणी वाढवायची. आमच्या घरात आलेला हा पहिला इंग्रजी शब्द. त्यामुळे नोकरी पक्की होणार की जाणार हे ठरायच्या दिवशी साहेब माझं काम बघून "धिस इज सिक!" म्हणाले, तेव्हा मला वाटलं, गेली नोकरी.

"काय चुकलं, सर?"

शेजारच्या टेबलावरची मेघना हसली. "अगं येडे, सिक म्हणजे खतरनाक!"

खरंच की. झणझणीत रश्श्याला आपणही खतरनाकच म्हणतो. तरण्या पोरांना साधं 'छान' पुरत नाही. सदरा उलटा घालावा तसा ती वाईट शब्द उलटा घालतात. इंग्रजीतला 'सिक'ही असाच उलटला असणार.

साहेबांनी कागदावर सही केली. घरातली पहिली पदवीधर मी, आणि पहिली पक्की नोकरीही माझीच.