मॅच संपेपर्यंत

शशिधर कर्णिक लंडनजवळच्या इल्फर्डला चष्म्याच्या काचा घासायच्या एका वर्कशॉपमध्ये चोवीस वर्षं एकाच स्टुलावर बसला. माणूस कामाला चोख, पण राग कायम नाकाच्या शेंड्यावर. भाजीत मीठ कमी पडलं तर तो बोलायचा नाही. ताट सरकवायचा आणि कोरडा ब्रेड चावत बसायचा, तोही समोरच्याला ऐकू जाईल असा. वैजयंतीने अशा माणसाशी सव्वीस वर्षं संसार केला. करणार काय बिचारी?

पन्नाशी जवळ आल्यावर या माणसाला वेड लागलं ते ऑस्ट्रेलियन फुटबॉलचं. एका वीकेंडला चॅनल फोरवर लंबगोल बॉलच्या मागे छत्तीस दांडगे धावताना दिसले, एक जण दुसऱ्याच्या पाठीवर गुडघा रोवून उडाला आणि त्याने बॉल वरच्या वर पकडला. शशिधर खुर्चीतून उठलाच. त्याला सगळ्यात भारी वाटायचं ते वेगळंच. मधल्या दोन खांबांतून बॉल मारला तर सहा पॉइंट, पण नेम जरा चुकून बाजूने गेला तरी एक पॉइंट मिळतोच. 'चुकलेल्यालासुद्धा काहीतरी देतात बघा,' असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायचा. घरात मात्र या दयाळू बुवाने कुणाला अर्धा पॉइंट दिला असेल तर शपथ!

त्याची टीम फिट्झरॉय. धाकटा भाऊ हरीश मेलबर्नला होता, त्याच भागात राहायचा, म्हणून ही टीम. हरीश टीव्हीवरून मॅच टेप करून पाठवायचा, पार्सल यायला आठ-दहा दिवस लागायचे. तोपर्यंत निकाल कळता कामा नये, हा शशिधरचा कायदा. पण हरीशच्या तोंडात तीळ भिजेल तर ना! एकदा फोनवर तो सहज बोलून गेला, 'काल काय धुतलं रे आपल्याला.' शशिधरने ती टेप न बघताच कचऱ्यात टाकली आणि तीन महिने सख्ख्या भावाशी बोलला नाही. तेव्हापासून शुक्रवारी रात्री तो स्वतः भिंतीतून फोनची वायर काढायचा, कारण स्वस्त दर म्हणून हरीश वीकेंडलाच फोन करायचा. सोमवारी संध्याकाळी तोच ती परत लावणार, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. पार्सलमधली चिठ्ठीसुद्धा मॅच संपल्यावरच उघडायची.

त्याची आई हरीशकडे राहायची. ब्याऐंशीची म्हातारी, हृदय थकलेलं. एकोणनव्वदच्या मे महिन्यात तिने फोनवर वैजयंतीपाशी गळा काढला. म्हणाली, डोळे मिटायच्या आत एकदा शशीला आण ग. सात वर्षांत तिने थोरल्याचं तोंड बघितलं नव्हतं. वैजयंती म्हणाली, जूनमध्येच जाऊ. शशिधर ट्रॅव्हल एजंटकडे गेला आणि सप्टेंबरच्या वीस तारखेची तिकिटं घेऊन आला. का, तर सप्टेंबरच्या शेवटी फायनल असते. वैजयंतीने डॉक्टरांचं बोलणं पुन्हा ऐकवलं तर तो खेकसला, "आई कुठे पळून जात नाहीये."

ओळखीपाळखीत मात्र सांगत सुटला, आईला भेटायला चाललोय. लोकांनीही वाहवा केली. वैजयंतीच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

जुलैतल्या एका सोमवारी ती नेहमीसारखी शाळेत कामावर होती. डिनर लेडी होती ती, दोनशे पोरांना दुपारच्या जेवणात मॅश पटेटो वाढायचा. अकराच्या सुमाराला ऑफिसातून निरोप आला, तुझा फोन आहे. रीडिंग गावाहून शशिधरची मावसबहीण मीनल बोलत होती. शनिवारी सकाळी आईंच्या छातीत कळ आली. त्या दोन दिवस शुद्धीवर होत्या आणि एकच मागत होत्या: शशीला यायला जमणार नाही, निदान त्याचा आवाज तरी ऐकवा. हरीश हॉस्पिटलातून पुन्हा पुन्हा फोन लावत राहिला. तिकडे रिंग वाजतेय असं त्याला ऐकू यायचं, इकडे घरात चिडीचूप. रविवारी रात्री आई गेल्या. मग हरीशला आईंच्याच वहीत मीनलचा नंबर सापडला. आता पुढचं ठरवायला तो थोरल्याच्या फोनची वाट बघतोय.

वैजयंती सुट्टी टाकून घरी आली आणि कोट न काढता जिन्यावर बसून रडली. सासूबाईंनी तिला पोटच्या पोरीसारखं वागवलं होतं. दुपारच्या टपालात पार्सल येऊन पडलं होतं, ते तिने पाहिलंही नाही.

चार वाजता शशिधर आला. आल्या आल्या त्याने पायपुसण्यावरचं पार्सल उचललं.

"अहो, जरा ऐका," ती म्हणाली. "मेलबर्नहून..."

त्याने हात वर केला. "एक अक्षर नको. मॅच संपेपर्यंत मेलबर्नचं काही ऐकायचं नाहीये मला. चहा टाक."

तिचे डोळे सुजलेले होते. त्याने बघितलंच नाही. तो टेपवरचं प्लॅस्टिक ओरबाडत होता.

वैजयंतीने चहा टाकला. तेवढ्यात तिच्या आत काहीतरी थंड झालं. ती कप घेऊन आली, त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसली आणि गप्प राहिली.

मॅच रंगली. चार डावांचा खेळ, मध्ये तीन ब्रेक. पहिल्या ब्रेकला शशिधर म्हणाला, आज लक्षण बरं दिसतंय. ती हो म्हणाली. दुसऱ्या ब्रेकला फिट्झरॉय चार गोल पुढे होती, तिने उठून पोहे केले, वर खोबरं घातलं. त्याने दोनदा घेतले आणि चांगले झालेत असं म्हणाला. सव्वीस वर्षांत असं किती वेळा म्हणाला होता देव जाणे! शेवटच्या डावात तो मांडीवर थापा मारत ओरडत होता, लहान पोरासारखा लाल झाला होता. तिला त्याची दया यायला हवी होती. तिला बरं वाटत होतं. अगदी खरं सांगायचं तर इतकं बरं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

भोंगा वाजला. फिट्झरॉय जिंकली. मॅचनंतर हरीश नेहमी टेपवर आईला पाच मिनिटं दाखवायचा, नवा कॅमेरा घेतला होता ना त्याने. शशिधर एरवी भोंग्यालाच टेप बंद करायचा. आज खुशीत होता, चालू ठेवली. आई पलंगावर बसली होती, गळ्याशी मफलर. कॅमेऱ्याकडे बघायचं सोडून ती हरीशकडेच बघत होती.

"शशी, लवकर ये रे," ती म्हणाली.

"येतो ग, येतो," शशिधर हसत टीव्हीला म्हणाला. "सप्टेंबरात. तिकीट काढलंय."

वैजयंतीने टीव्ही बंद केला. आई काल रात्री गेल्या, ती म्हणाली, आणि मीनलने सांगितलेलं सगळं सांगितलं, दोन दिवस फोन कुणी उचलत नव्हतं तेही.

 शशिधरच्या ओठाला पोह्याचा कण चिकटला होता. मग त्याने विचारलं, तुला कधी कळलं? ती म्हणाली, सकाळी अकराला.

"आणि तू मला अडीच तास..." तो म्हणाला. "अग, मधे तीन ब्रेक होते."

"होते," वैजयंती म्हणाली. "तुम्हाला हसताना बघत बसले."